वर्णी कोणाची लागते?

आपल्याकडे नवीन मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, की पेपरवाले एका ठराविक बातमीची तयारी करून ठेवतात. ज्यांना मंत्रिपद मिळालं नाही त्यांचं काय? मग दोन-चार महिन्यांनी बातमी येतेच – 'अमुक यांची तमुक महामंडळाच्या अध्यक्षपदी वर्णी'. लहानपणापासून ही बातमी वाचत आपण मोठे झालो. ते महामंडळ नेमकं काय करतं हे घरात कोणालाच सांगता यायचं नाही, पण अध्यक्ष झाल्यावर गाडी मिळते, केबिन मिळते आणि नाराजी दूर होते, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक!

इंग्लंडात आल्यावर आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की इथे असलं काही नसेल. इथे सगळं नियमाने, रांगेत उभं राहून. मंडळी, रांग खरी आहे, नियमही खरे आहेत. पण 'विकास महामंडळाच्या संचालक मंडळावर कोणाला बसवायचं' हा प्रश्न या देशालाही गेली पावणेदोनशे वर्षं छळतो आहे, आणि त्याची फार रंजक उत्तरं आपल्या या बर्मिंगहॅमनेच दिली आहेत. रोज सकाळी ऑफिसला जाताना माझी गाडी हार्टलँड्स पार्कवेवरून जाते. तो रस्ता म्हणजे अशाच एका उत्तराचा पुरावा आहे. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी हा विषय घेतला. फराळाच्या ताटाबरोबर थोडा कोरडा वाटला तर चकलीबरोबर वाचावा.

आधी विकास महामंडळ म्हणजे काय ते बघू. सरकार नकाशावर एक रेघ मारतं आणि म्हणतं, या रेघेच्या आतल्या भागाचा विकास एक खास संस्था करेल. त्या संस्थेला जमीन घेण्याचा, प्रसंगी सक्तीने घेण्याचा अधिकार मिळतो. रस्ते, गटारं, प्लॉट पाडणं, कारखान्यांना जागा देणं ही कामं तिची. कधी कधी बांधकामाची परवानगी देण्याचा नगरपालिकेचा अधिकारसुद्धा काढून तिला दिला जातो. म्हणजे तुमच्या घरासमोर काय उभं राहणार हे तुम्ही निवडून दिलेला नगरसेवक ठरवत नाही, त्या संस्थेच्या टेबलाभोवती बसलेली दहा-बारा माणसं ठरवतात. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर नवीन सिस्टिम आली की पहिला प्रश्न 'काय काय करते?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे?' इथेही तेच. दहा-बारा जणांना कोण निवडतं, हा पासवर्डचा प्रश्न आहे.

बर्मिंगहॅमचं पहिलं उत्तर साधं होतं: लोक निवडतात. या गावाला १८३८ साली नगरपालिकेची सनद मिळाली. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोसेफ चेंबरलेन नावाचा स्क्रूच्या कारखान्याचा मालक इथला महापौर झाला. तीनच वर्षं तो महापौर होता, १८७६ पर्यंत, पण तेवढ्यात त्याने गॅस कंपन्या आणि पाण्याची कंपनी नगरपालिकेसाठी विकत घेतली आणि शहराच्या मध्यभागातल्या दाटीच्या वस्त्या पाडून नवा रुंद रस्ता काढण्याची योजना आखली. १८७५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने वस्त्यांच्या सुधारणेचा कायदा केला होता, त्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. १८७८ मध्ये त्या रस्त्याचं काम सुरू झालं. आज तुम्ही न्यू स्ट्रीट स्टेशनवरून खरेदीला बाहेर पडता तेव्हा ज्या कॉर्पोरेशन स्ट्रीटवर येता, तोच हा रस्ता. नावातलं 'कॉर्पोरेशन' म्हणजे निवडून आलेली नगरपालिका. जमीन तिने घेतली, कर्ज तिने काढलं, निर्णय नगरसेवकांच्या समितीने घेतले आणि दुकानांच्या जागा ७५ वर्षांच्या कराराने दिल्यामुळे मुदत संपल्यावर सगळी मालमत्ता पुन्हा गावाकडेच आली. वेगळं महामंडळ नाही, बाहेरचा संचालक नाही.

हे ऐकून 'वा, लोकशाही असावी तर अशी' म्हणायला जावं, तर दुसरी बाजूही बघावी लागते. त्या काळी मत होतं ते घरपट्टी भरणाऱ्यांना. ज्या गरीब कुटुंबांची घरं या रस्त्यासाठी पाडली गेली, त्यांच्यासाठी नवी घरं फार थोडी आणि फार उशिरा बांधली गेली. नगरसेवक निवडून आलेले होते हे खरं, पण घर गमावणारा माणूस त्यांच्यापैकी बहुतेकांचा मतदार नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता जरा मुंबईला जाऊन येऊ. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि बघता बघता शहर रिकामं होऊ लागलं. सरकारने ठरवलं की दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढायचे. पण हे काम मुंबई महापालिकेकडे दिलं नाही. १८९८ मध्ये खास कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाची निराळी संस्था काढली. तिच्या विश्वस्त मंडळाची रचना मजेशीर होती. काही जण हुद्द्यामुळे, म्हणजे पदसिद्ध. काही महापालिकेने निवडून पाठवलेले. व्यापाऱ्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा एक, पोर्ट ट्रस्टचा एक. आणि उरलेले, अध्यक्षासकट, सरकारने नेमलेले. म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं, आपल्या मिसळीसारखं! प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव कॉलन्या ही त्या ट्रस्टची कामं. आपल्यापैकी ज्यांचं आजोळ हिंदू कॉलनीत आहे त्यांनी लहानपणी त्याच ट्रस्टने आखलेल्या गल्ल्यांत क्रिकेट खेळलं आहे. पण महापालिकेचा रागही रास्त होता. ट्रस्टला दरवर्षी पैसे द्यायचे पालिकेने आणि निर्णय घ्यायचे ट्रस्टने. शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेतच विलीन झाला.

तर दोन नमुने झाले: बर्मिंगहॅमचा 'सगळे निवडलेले' आणि मुंबईचा 'मिसळ'. तिसरा नमुना आला दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि आज जगभर विकास महामंडळ म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते बरंचसं त्याच्यावर बेतलेलं आहे.

बॉम्बहल्ल्यांनी पडलेली घरं, लंडनची गर्दी. मजूर पक्षाच्या सरकारने नवी गावं वसवायचं ठरवलं. ही गावं कोणी बांधायची हे ठरवायला एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष बीबीसीचे सुप्रसिद्ध लॉर्ड रीथ. समितीने सांगितलं की प्रत्येक गावासाठी सरकारने नेमलेलं महामंडळ असावं. त्याप्रमाणे १९४६ मध्ये न्यू टाउन्स कायदा झाला. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि जास्तीत जास्त सात सदस्य. सगळे मंत्री नेमणार, फक्त त्याआधी तिथल्या नगरपालिकांशी सल्लामसलत करायची आणि त्या भागात राहणारा किंवा त्या भागाची चांगली माहिती असलेला माणूस मंडळावर असणं इष्ट आहे हे लक्षात ठेवायचं. 'इष्ट आहे' बरं का, 'सक्तीचं आहे' असं नाही. पुढे १९४७ मध्ये हेमेल हेम्पस्टेडच्या महामंडळाचे अध्यक्ष कोण झाले? लॉर्ड रीथ! आपल्या पेपरवाल्यांनी मथळा काय दिला असता ते सांगायला नको. अर्थात माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही.

पहिल्या गावाला, स्टीव्हनेजला, लोकांनी कडाडून विरोध केला. मंत्री लुईस सिल्किन सभेला गेले तर त्यांच्या गाडीच्या टायरमधली हवा काढली, आणि रेल्वे स्टेशनवर रशियन थाटात 'सिल्किनग्राड' अशी पाटी लावली. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि लोक हरले. गाव झालं. आपल्या शेजारचं रेडिच (१९६४) आणि टेलफर्ड (१९६८) ही त्याच कायद्याच्या परंपरेतली गावं. रेडिचच्या त्या गोल गोल रस्त्यांवर वाट चुकून आपल्यापैकी कोणी शिव्या घातल्या असतील, तर त्या महामंडळाला पोचल्या असं समजा.

या सगळ्यात एक तत्त्व मान्य झालं होतं: गाव रिकाम्या रानात वसवायचं आहे, तिथे अजून मतदारच नाहीत, मग निवडणूक कोणाची घेणार? म्हणून आधी नेमलेलं मंडळ, लोक आले की गाव नगरपालिकेच्या ताब्यात. बोलायला ठीक आहे. पण जिथे लोक आधीच राहतात तिथे काय?

तो प्रश्न १९८० मध्ये उभा राहिला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारमध्ये मायकेल हेझेल्टाइन पर्यावरण मंत्री होते. लंडन आणि लिव्हरपूलच्या बंद पडलेल्या गोद्यांचा विकास स्थानिक नगरपालिकांना जमणार नाही असं त्यांचं मत. १९८० च्या कायद्याने शहरी विकास महामंडळं आली आणि १९८१ मध्ये लंडन डॉकलँड्स आणि मर्सीसाइडची दोन महामंडळं सुरू झाली. आपल्या विषयाचा गाभा त्या कायद्याच्या २६ व्या परिशिष्टात आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि किमान पाच ते कमाल अकरा सदस्य, म्हणजे मंडळ सात ते तेरा जणांचं. सगळे मंत्र्याने नेमायचे. नेमण्याआधी संबंधित नगरपालिकांचा सल्ला घ्यायचा. त्या भागाची खास माहिती असलेली माणसं मिळवणं इष्ट आहे हे ध्यानात घ्यायचं. थोडक्यात १९४६ चं कलम, नवीन रंग देऊन! फरक एवढाच की या वेळी रेघेच्या आत हजारो माणसं आधीपासून राहत होती आणि मतदानही करत होती.

नगरसेवक मंडळावर येऊ शकत नव्हते असं नाही. पण आले तर ते मंत्र्याने निवडलेली व्यक्ती म्हणून, आपल्या नगरपालिकेने पाठवलेला प्रतिनिधी म्हणून नाही. हा फरक दिसायला बारीक आहे, परिणामाला मोठा आहे. प्रतिनिधीला पाठवणारे परत बोलावू शकतात. नेमलेल्याला फक्त नेमणारा काढू शकतो. लंडन डॉकलँड्सचे पहिले अध्यक्ष नायजेल ब्रोक्स, बांधकाम आणि मालमत्तेच्या धंद्यातल्या ट्रफॅल्गर हाउस कंपनीचे प्रमुख. उपाध्यक्ष बॉब मेलिश, त्याच गोदी भागातले मजूर पक्षाचे जुने खासदार. मंत्री हुजूर पक्षाचा, उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा. हेझेल्टाइनना राजकारण कळत होतं!

आता येऊ आपल्या गावात. १९८७ च्या सुमारास सरकारने अशा महामंडळांची दुसरी फळी जाहीर केली. शेजारी सँडवेल आणि वॉल्सॉलमध्ये त्याच वर्षी ब्लॅक कंट्री महामंडळ आलं. बर्मिंगहॅमच्या पूर्व भागाची, म्हणजे नेचल्स, सॉल्टली, बॉर्डस्ली या कारखान्यांच्या वस्त्यांची अवस्था वाईटच होती. रेल्वेचे डबे बनवणारे, गॅस बनवणारे, मोटारींचे भाग बनवणारे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. या भागावर दिल्लीची, आपलं, लंडनची नजर पडणार हे उघड होतं. नगरपालिका मजूर पक्षाची, तिचे नेते डिक नोल्स. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, लंडनविरुद्ध बोंब मारत बसायचं आणि महामंडळ आलं की बहिष्कार घालायचा. दुसरा, सरकारच्या आधी आपणच काहीतरी उभं करायचं.

त्यांनी दुसरा रस्ता धरला. नगरपालिका, इथलं चेंबर ऑफ कॉमर्स आणि पाच बांधकाम कंपन्या यांनी मिळून 'बर्मिंगहॅम हार्टलँड्स लिमिटेड' ही कंपनी काढली. महामंडळ नाही, साधी कंपनी. परवानगी देण्याचा अधिकार नगरपालिकेकडेच राहिला. आणि अध्यक्ष म्हणून कोणाला आणलं? सर रेजिनाल्ड आयर यांना. हे गृहस्थ १९६५ ते १९८७ हॉल ग्रीनचे खासदार, आणि तेही हुजूर पक्षाचे! मजूर पक्षाच्या नगरपालिकेने विरोधी पक्षाचा माजी खासदार डोक्यावर बसवून घेतला. माणूस गावचा जाणकार, आणि लंडनला मंत्र्याच्या दारात गेला तर चहा मिळेल असा. आपल्याकडे 'सोयरीक जमवताना मध्यस्थ दोन्ही घरचा पाहिजे' म्हणतात, तसलाच हा हिशेब.

काही वर्षं गाडी चालली. मग १९९० च्या सुमारास मालमत्तेचा बाजार कोसळला. बांधकाम कंपन्यांचा उत्साह ओसरला. जुन्या कारखान्यांची विषारी जमीन साफ करायची, पूर्व भागातून मोठा रस्ता काढायचा, याला लागणारा पैसा ना कंपन्यांकडे होता ना नगरपालिकेकडे. पैसा होता सरकारकडे, आणि सरकार तो देत होतं महामंडळांना. शेवटी १९९२ मध्ये नगरपालिकेच्या संमतीने 'बर्मिंगहॅम हार्टलँड्स विकास महामंडळ' स्थापन झालं. १९८७ मध्ये जे टाळलं तेच १९९२ मध्ये स्वीकारलं, असं कोणी म्हणेल. पण मधल्या पाच वर्षांत एक गोष्ट बदलली होती. अध्यक्ष तेच राहिले, आयर. मंडळाच्या टेबलावर नगरपालिकेला मानाची जागा मिळाली. जमिनीचे नकाशे, योजना, माणसं सगळं आधीच गावाने तयार केलेलं होतं. सही मंत्र्याची होती, पण यादी गावाशी बोलून झाली होती. कायद्यातला 'सल्लामसलत' हा शब्द इतर ठिकाणी पत्र पाठवण्यापुरता उरला होता. इथे त्याला वजन आलं, कारण नगरपालिकेकडे देण्यासारखं काहीतरी होतं.

महामंडळाची मुदत ठरलेली होती. ३१ मार्च १९९८ ला ते इंग्लंडातल्या इतर महामंडळांबरोबर बंद झालं. मागे राहिला तो माझा रोजचा रस्ता, बॉर्डस्लीतली नवी घरं, साफ झालेली जमीन. जुन्या नेचल्स वीज केंद्राच्या जागेवर २००० मध्ये स्टार सिटी उघडलं, जिथे आपल्यातल्या अनेकांनी इथला पहिला हिंदी सिनेमा पाहिला. सगळं गोड झालं का? नाही. सॉल्टली, वॉशवुड हीथ आजही शहरातल्या गरीब वस्त्यांत मोजल्या जातात. १९९२ मध्ये टेबलाभोवती नगरपालिका होती, उद्योग होता, सरकार होतं. कारखाना बंद पडून घरी बसलेला सॉल्टलीचा माणूस, मग तो मीरपूरहून आलेला असो की आयर्लंडहून, त्याची खुर्ची मात्र त्या नियमात कुठेच लिहिलेली नव्हती. चेंबरलेनच्या रस्त्यात घर गमावणाऱ्याची आठवण होते का बघा.

आणि हाच धागा थेट आपल्या नवी मुंबईला जातो. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. गंमत म्हणजे सिडको ही स्वतंत्र कायद्याने जन्मलेली नाही, ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे. शहर वसवण्याचे अधिकार तिला राज्याच्या नगररचना कायद्याखाली दिले गेले. कंपनी म्हटलं की संचालक भागधारक निवडतात. आणि इथे भागधारक कोण? महाराष्ट्र शासन. वार्षिक सभेत हात वर करणारा एकच हात! त्यामुळे संचालक मंडळात सचिव मंडळी, व्यवस्थापकीय संचालक आयएएस अधिकारी, आणि अध्यक्षपदावर अनेकदा सत्ताधारी पक्षाचे आमदार. २०१८ मध्ये पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरचे आमदार संजय शिरसाट. पहिल्यांच्या मतदारसंघात सिडकोची जमीन आहे, दुसऱ्यांचा मतदारसंघ तिथून तीनशे किलोमीटरच्या पुढे. नियमाच्या दृष्टीने दोघंही सारखेच योग्य, कारण स्थानिक असण्याची अट नाही.

ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी गावांना त्या मंडळावर आपलं म्हणणं मांडण्याची हक्काची जागा नव्हती. नवी मुंबई महापालिका आली ती १९९२ मध्ये आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये, म्हणजे सिडकोनंतर पंचवीस वर्षांनी. तोपर्यंत म्हणणं मांडायची जागा एकच उरली, रस्ता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्या मागणीचा निकाल बैठकीच्या टेबलावर लागू शकला असता, तिच्यासाठी पाच घरांतली माणसं गेली. संचालक मंडळाची निवड हा कंटाळवाणा, कागदी विषय आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने जासईच्या हुतात्मा स्मारकासमोर पाच मिनिटं उभं राहावं.

आपल्याकडे दुसरे नमुने झालेच नाहीत असं नाही. १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, त्याच्या कायद्यात मंत्र्यांबरोबर मुंबईचे महापौर आणि काही नगरसेवक यांनाही जागा दिली आहे. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं झाली, तिथे नेमणुकीचा अधिकार मुख्यमंत्र्यांऐवजी राज्यपालांकडे होता. हेतू हा, की पैशाच्या वाटपावर सत्ताधारी पक्षाबाहेरची नजर राहावी. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

इकडे इंग्लंडात नव्वदच्या दशकात लोकांचा पारा चढला होता. सरकारने नेमलेल्या संस्था वाढत चालल्या होत्या आणि त्यांवर सत्ताधारी पक्षाच्या मित्रमंडळींची वर्णी लागते अशी उघड चर्चा होती. इथे त्याला 'खांद्यावर टिचकी' म्हणतात. क्लबात कोणीतरी हळूच खांद्यावर बोट ठेवतो, 'अरे, एका मंडळावर येतोस का?' ऑक्टोबर १९९४ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायमूर्ती लॉर्ड नोलन यांची समिती नेमली. मे १९९५ मध्ये तिचा पहिला अहवाल आला आणि त्यात सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं होती: निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. पण माझ्या मते खरी करामत त्या सात शब्दांत नाही, कारण शब्द आपल्याकडेही भिंतीवर भरपूर रंगवलेले असतात. करामत पद्धतीत आहे. नेमणुकांवर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयुक्त आला. जागांची जाहिरात, लेखी अर्ज, मुलाखत, मुलाखतीच्या पॅनलवर एक स्वतंत्र माणूस. शेवटची निवड आजही मंत्र्याचीच, पण पॅनलने योग्य ठरवलेल्या नावांतून. त्याबाहेरचं नाव घ्यायचं तर कारण द्यावं लागतं. आमच्या भाषेत, ॲडमिनचा पासवर्ड बदलला नाही, पण कोण कधी लॉगिन झालं याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

२०११ च्या कायद्याने आणखी एक पायरी आली: महापौरांची विकास महामंडळं. आधी लंडनसाठी, नंतर इतर शहर-प्रदेशांसाठीही. मंडळ निवडून आलेला महापौर नेमणार, किमान सहा सदस्य, आणि लंडनमध्ये संबंधित प्रत्येक नगरपालिकेचा किमान एक निवडून आलेला सदस्य असलाच पाहिजे. बघा, 'इष्ट आहे' पासून 'असलाच पाहिजे' पर्यंत यायला ६५ वर्षं लागली! ऑलिंपिकनंतरच्या लंडनच्या महामंडळाचे अध्यक्ष काही काळ खुद्द महापौर बोरिस जॉन्सन होते. लंडनबाहेरचं पहिलं असं महामंडळ २०१७ मध्ये टीसाइडला झालं, तिथेही अध्यक्ष महापौरच. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या कारभाराचा स्वतंत्र अहवाल आला. भ्रष्टाचाराचा पुरावा सापडला नाही, पण पारदर्शकता आणि देखरेख कमी पडली असं सांगून २८ सूचना केल्या. म्हणजे निवडून आलेल्या माणसाने नेमलं म्हणून आपोआप सगळं ठीक होत नाही. नेमणाराच अध्यक्ष झाला तर त्याला प्रश्न कोण विचारणार?

तर, या सगळ्या इतिहासातून मला दिसलेले तीन प्रश्न असे. कोण नेमतं? कोण काढू शकतं? आणि ज्याचं घर, शेत, नोकरी पणाला लागली आहे त्याची खुर्ची नियमात लिहिलेली आहे का, की कोणाच्या मर्जीवर आहे? पहिल्याची चर्चा सगळे करतात. दुसरा थोडे विचारतात. तिसरा बहुतेक वेळा उशीर झाल्यावरच विचारला जातो.

हे आपल्याला का सांगायचं? कारण पाव्हणे म्हणून राहण्याचे आपले दिवस संपले. ५ सप्टेंबर २०२३ ला बर्मिंगहॅम नगरपालिकेने खर्चाला कात्री लावण्याची नोटीस काढली, साध्या मराठीत दिवाळं वाजलं. समान वेतनाची देणी, आणि हिशेबाच्या नव्या कॉम्प्युटर प्रणालीचा उडालेला बोजवारा ही त्यातली दोन गाजलेली कारणं. ऑक्टोबरमध्ये लंडनहून मंत्र्याने आयुक्त नेमून पाठवले. एप्रिल २०२४ मध्ये आपली कौन्सिल टॅक्सची बिलं जवळजवळ १० टक्क्यांनी वाढली. ग्रंथालयं आणि युवा केंद्रांचं काय होणार यावर सभा झाल्या. ज्या गावाने चेंबरलेनच्या काळात 'आमचं आम्ही बघू' म्हटलं, त्याच गावात लंडनने नेमलेली माणसं हिशेबाच्या वह्या घेऊन बसली. नेमलेले विरुद्ध निवडलेले हा वाद पुस्तकातून उठून आपल्या लेटरबॉक्समध्ये येऊन पडला.

अशा वेळी आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर चडफडतो! त्यापेक्षा दोन गोष्टी सांगतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथल्या नगरपालिकेच्या आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्टची वाट बघायची गरज नाही. यादीत नाव नोंदवायला दहा मिनिटं लागतात, आणि तरी कित्येक घरांत ते नोंदवलेलं नसतं. दुसरी गोष्ट, नोलनसाहेबांच्या कृपेने सरकारी मंडळांच्या जागांच्या जाहिराती आता उघडपणे येतात. शाळांच्या गव्हर्नरची तर कायम वानवा असते. आपल्यात हिशेब तपासणारे आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, मोठमोठे प्रकल्प चालवणारे आहेत. अर्ज मात्र येत नाहीत.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणी दरवर्षी बिनविरोध निवडून येते, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. खरं कारण आपल्याला माहीत आहे, बटाटेवडे संपायच्या आत घरी जायची सगळ्यांना घाई असते. खुर्ची रिकामी राहिली की कोणीतरी बसतंच. मग ते कोणाच्या वतीने बसलं आहे हे विचारायचा हक्क आपण थोडासा गमावलेला असतो.

पुढच्या मे महिन्यात, किंवा जेव्हा कधी पुढची निवडणूक येईल तेव्हा, आपल्या भागातला उमेदवार दारावर आला तर त्याला कचऱ्याच्या पेट्यांबद्दल जरूर विचारा. त्याच दमात हेही विचारा, की आमच्या भागात उद्या एखादं महामंडळ आलं तर त्याच्या टेबलावर आमच्या वस्तीची खुर्ची लेखी मागशील का? उत्तर देताना तो अडखळला तर तेही एक उत्तरच आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!